सायकलशर्यतींची बदनामी

खेळांतील उत्तेजक द्रव्यांचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं पहिलें नांव येतें तें सायकलशर्यतींचें. "त्या धंद्यांत सगळेच औषधें घेतात," असा निकाल चहा निवण्यापूर्वींच लागतो, आणि निकाल देणारा गृहस्थ पुढल्याच क्षणीं क्रिकेटच्या गप्पांत निःशंक मनानें रमतो. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. सायकलस्वार साधुपुरुष आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या पातकांची यादी लांब आहे. परंतु ती यादी आपणांस वाचावयास मिळते, ती कोणी तरी झडती घेतली म्हणून, एवढी साधी गोष्ट लोक विसरतात.

ही झडतीही या खेळानें आपखुषीनें दिलेली नाहीं. १९६७ सालीं टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार फ्रान्समधील माँ व्हान्तूच्या चढणीवर कोसळून मेला. त्याच्या शरीरांत अँफेटामिन सांपडलें. तरीही चालकमंडळी पुढें तीस वर्षें बहुधा डोळ्यांवर कातडें ओढून बसली. अखेर १९९८ च्या जुलैंत फेस्टिना संघाच्या मालिश करणाऱ्या नोकराची मोटार बेल्जमच्या सरहद्दीवर फ्रेंच जकातवाल्यांनीं अडविली, तींत औषधांचा साठा निघाला, आणि मग पोलीस थेट स्वारांच्या हॉटेलांत शिरले. उत्तेजकविरोधी जागतिक संस्था १९९९ सालीं निघाली ती या प्रकरणाच्या धक्क्यामुळेंच. २००८ पासून तर प्रत्येक धंदेवाईक स्वाराच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षें ठेवण्यांत येते, व द्रव्य प्रत्यक्ष हातीं लागलें नाहीं तरी रक्तांतील संशयास्पद चढउतारावरून त्यास जाब विचारतां येतो. हा उपक्रम प्रथम केला तो सायकलवाल्यांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेनें.

याच संघटनेनें आर्मस्ट्राँगकडून देणग्याही घेतल्या, हें आम्ही लपवीत नाहीं. १९९९ सालीं त्याच्या तपासणींत निषिद्ध द्रव्य निघालें असतां मागील तारखेची डॉक्टरी चिठ्ठी तिनें बिनदिक्कत स्वीकारली. १९९९ ते २००५ पर्यंतचीं त्याचीं सात विजेतीपदें २०१२ सालीं काढून घेण्यांत आलीं, तीं मुख्यतः २६ जणांच्या साक्षींच्या जोरावर. त्यांत त्याचे ११ जुने सहकारी होते. प्रयोगशाळेंतील बाटल्यांनीं त्यास पकडलें नव्हतें. मग "आमचा खेळाडू तपासणींत कधींच सांपडला नाहीं" या इतर खेळांच्या बढाईची किंमत ती काय ?

माद्रिदच्या डॉ. फुएन्तेस यांचें उदाहरण पाहावें. २००६ सालीं त्यांच्याकडे रक्ताच्या दोनशेंहून अधिक पिशव्या सांपडल्या. २०१३ च्या खटल्यांत त्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, आपल्याकडे फुटबॉल व टेनिस खेळणारे, धावणारे, मुष्टियोद्धे असे सर्व प्रकारचे लोक येत. न्यायालयानें नांवें वदवून घेतलीं नाहींत, उलट पिशव्या नष्ट करण्याचा हुकूम दिला. तो २०१६ सालीं वरच्या न्यायालयानें फिरविला. शिक्षा भोगली ती बासो, उलरिख, व्हाल्व्हेर्दे या स्वारांनीं. फुटबॉल जसाच्या तसा सोवळा राहिला !

अमेरिकेंतील बेसबॉलचा दंडही असाच सौम्य. तेथें पहिल्या अपराधास ८० सामन्यांची, म्हणजे अर्ध्या हंगामाची बंदी. सायकलस्वारास त्याच द्रव्यासाठीं सामान्यतः चार वर्षें.

आणि आमचें क्रिकेट ? स्वार आपला ठावठिकाणा रोज कळवितो. आमच्या क्रिकेट मंडळानें त्या अटीस २००९ सालीं साफ हरकत घेतली, व पुढें दहा वर्षें स्वतःची तपासणी स्वतःच्याच हातीं ठेवली. २०१९ च्या जुलैअखेर मुंबईच्या एका तरुण फलंदाजास आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली. ती मागील तारखेपासून धरल्यामुळें जाहीर होतेवेळींच निम्म्याहून अधिक संपलेली होती. त्यानंतर दहा दिवसांनीं मंडळ राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या तपासणीस राजी झालें. तें द्रव्य खोकल्याच्या औषधांतून पोटांत गेलें, असें त्या खेळाडूचें म्हणणें होतें. तें खरेंही असेल. मंडळानें तें मानलें, आम्हीही मानतों. परंतु हेंच उत्तर एखाद्या सायकलस्वारानें दिलें असतें, तर चहा निवण्यापूर्वीं निकाल देणाऱ्या आमच्या त्या गृहस्थांनीं तें ऐकून तरी घेतलें असतें काय ?