चाकणच्या वेशीवरचा नवा बाजार

शनिवार हा चाकणच्या बाजाराचा दिवस. खेड तालुक्यातील शेतकरी कांदा, बटाटा, मिरची घेऊन येतो. बैल, शेळ्या-मेंढ्यांचे सौदे होतात. आणि माल विकून हाती आलेल्या पैशातून तोच शेतकरी घरचा किराणा, लेकरांचे कपडे, विळा-खुरपे घेऊन गावी परततो. सकाळचा विक्रेता दुपारी ग्राहक होतो. पैसा पंचक्रोशीतून येतो आणि पंचक्रोशीतच फिरतो. या बाजाराचे मर्म एवढेच आहे, आणि पुणे-नाशिक रस्त्यालगत मोठ्या व्यापारसंकुलांचे, ज्यांना आता 'रिटेल पार्क' असे नाव पडले आहे, वारे वाहू लागले असताना ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

चाकणला जे जे आले ते रस्त्यामुळे आले. पुण्याहून जुन्नरकडे जाणारी वाट येथून जात असे, म्हणून येथे संग्रामदुर्ग उभा राहिला. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला, हे मराठी मुलाला शाळेतच कळते. त्याच वाटेने पुढे कारखाने आले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. कामगार आले, त्यांच्या मागोमाग वस्ती आली आणि आता त्या वस्तीच्या खिशाकडे पाहत मोठी दुकाने येत आहेत. बाजाराचा हा क्रम स्वाभाविक आहे. त्यास आमचा विरोध नाही. एका छताखाली स्वच्छ माल, छापील भाव, स्त्रियांसाठी प्रसाधनगृह आणि शिकलेल्या तरुणांना चार नोकऱ्या मिळणार असतील तर नाक मुरडण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. हा बाजार कोठे, केवढा आणि कोणत्या अटींवर उभा राहावा, हे ठरवणार कोण? बांधकाम व्यावसायिक, की गाव?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि बांधकामांचे नियमन हे नागरी संस्थांच्या कार्यसूचीत घातले. चाकणची ग्रामपंचायत २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये आपल्या हद्दीतील बांधकामास परवानगी देण्याचा, नाकारण्याचा अथवा अटी घालून देण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणास आहे. पण याच अधिनियमातील एक तरतूद सामान्य नागरिकास ठाऊक नसते. परिपूर्ण अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणाऱ्या प्रस्तावास परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे प्राधिकरणाचे मौन हीच संमती! ज्या कचेरीत माणसे अपुरी आणि फायली उदंड, तेथे या मौनाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

नगरपरिषदेची अडचणही न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिची महापालिका झाली, तेव्हा कारखाने तिच्या हद्दीत होते. त्यांच्या जकातीवर आणि मिळकतकरावर ते शहर घडले. चाकणचे तसे नाही. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे ही उद्योगांची गावे नगरपरिषदेच्या बाहेर आहेत. औद्योगिक क्षेत्राचे नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे, सभोवतालच्या गावांचे महानगर विकास प्राधिकरणाकडे. त्या प्राधिकरणाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये शासनाला रद्द करावा लागला. अशा स्थितीत कारखान्यांचा कर एकीकडे आणि कामगारांच्या पाण्याचा, कचऱ्याचा, सांडपाण्याचा भार दुसरीकडे, असा हा विषम संसार आहे. रिकाम्या तिजोरीला मोठ्या संकुलाच्या मिळकतकराचा मोह पडणारच. म्हणूनच परवानगी देणारा हात आणि कर मोजणारा हात यांच्यावर जनतेची नजर हवी.

जुना दाखला मोलाचा आहे. पुणे नगरपालिकेने बांधलेली मंडई १८८६ मध्ये खुली झाली. त्या बांधकामावरील खर्चास महात्मा जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई झालीच, आणि पुढे काळाने तिला त्यांचेच नाव दिले. चाकणच्या बाजार समितीच्या आवारालाही तेच नाव आहे. बाजार बांधणे वाईट, असे जोतीरावांचे म्हणणे नव्हते. लोकांच्या पैशाचे प्राधान्य लोकांसमोर ठरावे, हा त्यांचा आग्रह होता. शिवाय ती मंडई नगरपालिकेची होती. गाळ्याचे भाडे नगराच्या तिजोरीत जाई आणि भाजीवाली बाई तिच्यात हक्काने बसे. खाजगी संकुलात तिला बसू कोण देणार?

परदेशांनीही हा विचार केला आहे. फ्रान्सने १९७३ मध्ये रॉयर कायदा करून ठराविक क्षेत्रफळापुढील दुकानांना स्थानिक समितीची संमती अनिवार्य केली. ब्रिटनने १९९६ च्या नियोजन-मार्गदर्शनात गावाबाहेरच्या मोठ्या दुकानाआधी गावाच्या मध्यभागी जागा आहे का, हे तपासण्याचा दंडक घातला. फ्रान्समध्ये पुढे या परवान्यांतच लाचखोरी शिरली, हेही सांगितले पाहिजे. अधिकार स्थानिकांना देऊन भागत नाही. तो उजेडात वापरला गेला पाहिजे.

चाकणमध्ये हा उजेड पडण्याची वेळ आली आहे. दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदेची निवडणूक झाली. लोकनियुक्त सभागृहाकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे.

पहिली गोष्ट रस्त्याची. चाकणच्या वाहतूककोंडीने कामगारांचे तास आणि रुग्णवाहिकेतील रुग्णांचे प्राण पणाला लागतात. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गास केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ते काम चालू असताना रस्ता अधिकच अरुंद होणार. अशा वेळी महामार्गावर थेट तोंड उघडणाऱ्या संकुलास परवानगी देणे म्हणजे कोंडीवर कोंडी. स्वतंत्र जोडरस्ता, आवाराच्या आत पुरेसा वाहनतळ आणि मालमोटारींच्या वेळा ठरल्याविना बांधकामाची वीट चढू नये, आणि हे सारे पूर्ण झाल्याविना भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये.

दुसरी गोष्ट पथविक्रेत्यांची. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घेण्याचे बंधन घातले. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या सुमारे ४१ हजार होती. त्या जुन्या गणतीनेही हजारावर कुटुंबांची सोय लागली पाहिजे. कायद्याने सांगितलेल्या शहर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. ही समिती कागदावर न राहता नव्या बाजाराच्या प्रश्नावर तिचे मत घेतले जावे. शनिवारच्या बाजाराची जागा मात्र कोणत्याही विकासाच्या नावाने आक्रसता कामा नये.

तिसरी गोष्ट खुल्या चर्चेची. अर्ज, नकाशा, घातलेल्या अटी आणि अटींची पूर्तता ही चारही नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लागावीत. वीस हजार चौरस मीटरपुढील बांधकामास २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. ती कागदपत्रेही त्यासोबत ठेवावीत.

शेवटी दोन शब्द आपल्याविषयी. मराठवाड्यातून आलेल्या कंत्राटी कामगाराला पगार होईपर्यंत तांदूळ-तेल उधार देतो तो नाक्यावरचा किराणावाला. त्याच्या वहीत नुसती रक्कम नसते, विश्वास असतो. संकुलातील यंत्र ती वही ठेवत नाही. आपण महिन्याची खरेदी कोठे करतो, हाही स्वदेशीचाच विचार आहे. आणि कार्यकर्त्यांनी केवळ चुकचुकत न बसता नगरपरिषदेत जावे, माहितीच्या अधिकारात नकाशे पाहावेत, मुदतीत हरकती नोंदवाव्यात, दुकानदार आणि विक्रेत्यांना अर्ज लिहून द्यावेत. साठ दिवस फार मोठी मुदत नव्हे. तेवढ्या अवधीत नगरपरिषद गप्प राहिली तर कायदा तिला संमती समजतो. नागरिक गप्प राहिले, तर त्यांचीही तीच समजली जाईल.