चमचा उलटा करा, मगच पाकीट उघडा

हल्ली बरेच जण विचारतात, "दादा, जुने इंग्रजी चांदीचे काटे-चमचे घेऊन विकायचा धंदा करू का?" माझं मत स्पष्ट आहे. आधी शिका, मग शौक करा, धंदा सगळ्यात शेवटी.

मी स्वतः फसलोय म्हणून सांगतो. आपलं गोंदिया पडलं बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासूनचं जंक्शन. भंगारात कधीमधी जुने चमचे निघतात. मी बारा चमचे चांदीचे समजून घेतले, साडेसहा हजार मोजले. सराफानं मागची अक्षरं वाचली आणि हसला. ई.पी.एन.एस., म्हणजे जर्मन सिल्वरवर चांदीचा मुलामा! जर्मन सिल्वरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नावालाही नाही. साडेसहा हजार गेले, पण धडा मिळाला.

म्हणून चमचा आधी उलटा करा. दांड्याच्या मागे चालणारा सिंह दिसला तर ती इंग्लंडच्या स्टर्लिंग चांदीची खूण, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी. शेजारी शहराची खूण असते. बिबट्याचं डोकं म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, जुन्या मालावर मुकुट म्हणजे शेफील्ड. एक अक्षर वर्षाचं असतं, ते तक्त्यात जुळवून बघायचं. सुऱ्या मात्र वजनावर घेऊ नका. त्यांचं पातं बहुतेक पोलादाचं असतं आणि पोकळ मुठीत भराव असतो.

आता हिशोब. अशा वस्तूला दोन भाव असतात, एक वजनाचा आणि एक शौकिनाचा. वजनाचा भाव आजच्या आज सराफाकडे मिळतो. शौकीन गिऱ्हाईक महिनोन्‌महिने येत नाही. म्हणून नवख्यानं वजनाच्या भावाच्या आसपासच खरेदी करावी. कर्ज काढून तर अजिबात नको.

कायदाही बघा. १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशात विकायला पाठवता येत नाही. ऑनलाइन टाकण्याआधी जाणकाराला विचारा.

त्या बारांतला एक चमचा आजही माझ्या गल्ल्यात आहे. कुणी "स्वस्तात मिळतंय" म्हणालं की मी आधी त्याच्याकडे बघतो. तुम्हीही पहिले सहा महिने फक्त बघा, हाताळा, खुणा पाठ करा. ज्या मालाची खूण आपल्याला वाचता येत नाही, तो माल आपला नाही!