आधी वजन, मग शंका

गाईडांवर पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या वेळी दोन प्राध्यापक रागावले. पण या आठवड्यात प्रथम वर्षाच्या संख्याशास्त्राचं एक गाईड हाती आलं. त्यात शून्य परिकल्पना अशी: ‘नमुन्याची सरासरी ५०० ग्रॅम आहे.’ अहो, नमुन्यातली पाकिटं तुम्हीच तोललीत! सरासरी ४९८.५ आली, हे त्याच पानावर वर छापलंय. परिकल्पना मांडायची ती न तोललेल्या सगळ्या मालाच्या सरासरीबद्दल, म्हणजे म्यूबद्दल.

ही छपाईची चूक म्हणून सोडून देऊ. पर्यायी परिकल्पनेचं काय? नमुना कमी भरला, म्हणून ‘कमी’ लिहिलंय. जास्त भरला असता तर ‘जास्त’ लिहिलं असतं.

हीच पाकिटं दोघांकडे द्या. वैधमापन निरीक्षकाची शंका एकच: गिऱ्हाइकाला माल कमी मिळतो का? पाकिटात ५०५ ग्रॅम निघाले तर त्याचं काही बिघडत नाही. ‘म्यू ५०० पेक्षा कमी’ हा त्याचा पर्याय काट्याला हात लावण्याआधीच ठरलेला असतो. कारखान्यातल्या सुपरवायझरला मात्र दोन्हीकडून मार. कमी भरलं तर दंड, जास्त भरलं तर मालक. त्याचा पर्याय ‘म्यू ५०० नाही’. शून्य परिकल्पना दोघांचीही तीच, म्यू ५००.

समजा ३६ पाकिटं तोलली, सरासरी ४९८.५, प्रमाण विचलन ५. झेड येतो उणे १.८. पाच टक्के पातळीला निरीक्षकाची सीमा उणे १.६४५, ती ओलांडली, कंपनीला नोटीस. सुपरवायझरच्या सीमा अधिक-उणे १.९६, त्यांच्या आतच, मशीन चालू. पाकिटं तीच, काटा तोच, निकाल दोन, आणि दोन्ही रास्त. गाईडवाला मात्र शंका सुपरवायझरची घेतो आणि वजनं पाहून सीमा निरीक्षकाची लावतो. पाच टक्के चूक चालेल म्हणत तो दहा टक्क्यांची सोय करून ठेवतो.

वर सीमा ओलांडली न जाणाऱ्या गणिताखाली ठोकून देतो, ‘शून्य परिकल्पना सिद्ध झाली’. ती सिद्ध होत नसते, हे संख्याशास्त्रज्ञ फिशर १९३५ सालीच लिहून गेला. पर्यायी परिकल्पना तर फिशरची नव्हेच. ती नेमन आणि एगॉन पिअर्सन यांची. लंडनच्या एकाच कॉलेजात फिशर आणि ही जोडी एकमेकांवर खार खाऊन होते. साताऱ्याकडच्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तेव्हा तिथेच शिकत होते. गाईडात मात्र सगळे एकाच चौकटीत, एकत्र कुटुंबासारखे.

एम.एड.च्या प्रबंधांतली ‘सार्थक फरक आढळत नाही’ ही परिकल्पनाही निम्म्या वेळा निकाल हाती आल्यावरच सुचलेली असते, असा माझा जुना संशय आहे. पुरावा नाही. संशय जाण्याइतकाही नाही.

परीक्षेत हे विचारायचंच असेल तर विचारणारा कोण ते आधी सांगा, दोन्ही परिकल्पना लिहून घ्या, ते पान गोळा करा आणि मगच वजनं वाटा. पर्यवेक्षक कुरकुरतील. कुरकुरू देत.