आधी यादी, मग टेम्पो

घर बदलणाऱ्याला जो तो सांगतो, "सामान नीट बांधा हो!" माझं म्हणणं, आधी टेम्पोवाल्याला शब्दात बांधा.

टाटांची 'एस' गाडी २००५ साली आली आणि लोकांनी तिचं नाव 'छोटा हत्ती' ठेवलं. हत्ती छोटा खरा, पण शेपूट लांबलचक! भाडं ठरतं फोनवर. हमाली ठरते जिन्यात. लोखंडी कपाट वळणावर अडकलं, की मुकादम शांतपणे घाम पुसतो : "साहेब, कपाटाचं वेगळं पडेल."

हमालानं स्वस्तात वाहावं असं कोण म्हणतो? घामाला दाम मिळावा म्हणून तर महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. दाम जरूर घ्या. पण कपाट उचलण्यापूर्वी सांगा.

आणि गिऱ्हाईक तरी कुठे धुतल्या तांदळाचं? "सामान काय, किरकोळच!" म्हणणाऱ्याच्या घरातून पाटा-वरवंटा, शिवणयंत्र आणि १२ कुंड्या निघतात.

तेव्हा मजले, लिफ्ट, वस्तू, हमाली, सगळं कागदावर घ्या. लग्नात याद्यांवर सह्या करणाऱ्यांना हे जड जाऊ नये. मोडलेलं लग्न एखादे वेळी जुळतं; जिन्यात फुटलेला आरसा जुळत नाही.