चिंचेचा जन्मदाखला कशाला हवा?

वृक्षारोपणाच्या मोसमात ‘फक्त देशी झाडे लावा’ असा आग्रह धरला जातो आणि तो बहुतांशी योग्यच आहे. पण झाडाचा जन्मदाखला हीच एकमेव कसोटी मानली, तर आमटीतली चिंचही बाद ठरेल. तिचे मूळ घर उष्णकटिबंधातली आफ्रिका, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. अरबांनी मात्र तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले आणि 1753 मध्ये लिनिअसने ‘इंडिका’ हे नाव कायम केले. गंगेच्या खोऱ्यात नरहनच्या उत्खननात ख्रिस्तपूर्व 1300 च्या आसपासचा चिंचेचा कोळसा सापडला. मग याच न्यायाने सुबाभूळही आपलीच मानायची का, असे कोणी विचारेल. तर नाही. सुबाभूळ रान माजवते, इतर झाडांना जागा देत नाही. चिंच बांधावर एकटी उभी राहते आणि गाभुळलेल्या बोटकापासून चिंचोक्यापर्यंत कामी येते. धनगरी घोंगडीला ताठपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने. झाड आपले की परके, हे त्याच्या वागणुकीवरून ठरवावे.

झाडाची किंमत कशावरून करायची, हा प्रश्न पुस्तकी नाही; रस्ते रुंद होताना तो समोर उभा राहतो. सरसेनापती दाभाड्यांच्या भुईकोटाचे इंदुरी हे गाव पुणे जिल्ह्यात तळेगाव-चाकण रस्त्यावर आहे आणि तिथली वाहनांची कोंडी पाहता रस्ता रुंद व्हायलाच हवा, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रुंदीकरणात जुने झाड आड आले की ‘एकाच्या बदल्यात इतकी रोपे’ हा हिशेब पुढे येतो, तो फसवा आहे. बियांपासून वाढलेली चिंच फळायलाच आठ-दहा वर्षे घेते. ‘प्रतिष्ठान’सारख्या वाणाची कलमे लवकर फळतात खरी, पण शतकभराची सावली कलमाने मिळत नाही. राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चिंच आहे, म्हणजे परवानगी लागते. पण परवानगीचा कागद वयाची किंमत करत नाही. नागरी भागासाठी 2021 मध्ये कायदा बदलला आणि पन्नास वर्षांवरचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या तेवढ्याच जुन्या चिंचेला मात्र हे कवच नाही.

तेव्हा रस्त्याची आखणी कागदावर असतानाच ग्रामसभांनी आपल्या हद्दीतल्या जुन्या चिंचांची घेरासह नोंद करावी आणि ती ठरावाने बांधकाम खात्याकडे धाडावी. कुऱ्हाड आल्यावर केलेल्या ठरावाचा उपयोग नसतो.