राजाचं कुरण आणि भिंतीवरची शिडी



सुगी आटोपली की पोराबाळांना घेऊन कुठंतरी जाऊन यावं, असा विषय घरोघरी निघतो. आज मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, थेट विलायतेला. हसू नका. आता आपल्या गावातली मुलंही शिकायला, नोकरीला लंडनला जातात आणि एखाद्या उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात. राजवाडा, मोठं घड्याळ हे सगळं ती दाखवतीलच. तुम्ही मात्र मुलाला सांगा, बाबा रे, एक दिवस आम्हाला रिचमंड पार्कात ने. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघावी अशी ती जागा आहे.

लंडनच्या नैऋत्येला ही सुमारे २,४०० एकर जमीन आहे. आपल्याकडचं एखादं गाव शिवारासकट आत मावेल. गवताचा माळ, मध्ये तळी, शेकडो वर्षांचे ओक वृक्ष आणि त्यांतून मोकळी हिंडणारी सहाशेच्या वर हरणं. पिंजरा नाही, जाळी नाही. आत जायला पैसा पडत नाही. दशम्या आणि चटणी बांधून न्या, झाडाखाली बसून खा, कुणी हटकत नाही. फक्त हरणांना त्यातला घास घालू नका. तशी सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. चपातीची चटक लागलेलं हरीण माणसाच्या मागं लागतं आणि मग एखाद्या लेकराला शिंग लागतं.

हरणं दोन जातींची आहेत. एक तांबडं, अंगानं थोराड, आपल्या सांबराचं चुलत भावंड म्हणा ना. दुसरं त्याहून लहान, उन्हाळ्यात अंगावर पांढरे ठिपके, चितळासारखं. पण नराचं शिंग मात्र टोकाला तळहातासारखं पसरट. दोन्ही जातींचे नर दर वर्षी वसंतात शिंगं टाकून देतात आणि उन्हाळाभर नवी वाढवतात. वाढत्या शिंगावर मऊ मखमली कातडी असते, आत रक्त खेळत असतं. शिंग पुरं झालं की ती कातडी वाळते आणि नर झाडाला घासून ती काढून टाकतो. आपल्या काळविटाचं तसं नाही. त्याचं शिंग म्हणजे बैलाच्या शिंगासारखं, एकदा आलं की जन्माचं. गळून पडलेली शिंगं दुसरी हरणं चघळतात, त्यातून त्यांना चुना मिळतो. म्हणून सापडलेलं शिंग उचलून घरी आणायचं नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात नर माजावर येतात. तांबड्या नराची ती डरकाळी भल्या सकाळी धुक्यातून ऐकू येते तेव्हा गावात नवा वळू आल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत जवळ जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. एरवीसुद्धा पन्नास मीटर लांब राहा असं तिथले रखवालदार सांगतात. मे ते जुलै पाडसं जन्मतात. आई पाडसाला उंच नेच्याच्या झुडपात दडवून चरायला जाते. एकटं पाडस दिसलं म्हणून ते अनाथ समजून कळवळ्यानं उचलू नका, आई आसपासच असते. कुत्र्यांचा त्रास तिथंही आहे. २०११ साली एका मोकाट सुटलेल्या कुत्र्यानं अख्खा कळप रस्त्यापार पळवला. त्याची चित्रफीत जगभर लोकांनी हसत हसत पाहिली. मेंढरं राखणाऱ्याला मात्र त्यात हसू येणार नाही.

आता भिंतीकडं चला. खरं सांगायचं तर मी तुम्हाला इथवर आणलं ते या भिंतीसाठी.

१६२५ साली लंडनात प्लेगची साथ होती, म्हणून राजा पहिला चार्ल्स आपला दरबार घेऊन रिचमंडच्या राजवाड्यात आला. त्याला शिकारीचा नाद फार. आसपासचा माळ त्याच्या डोळ्यांत भरला. पण तो माळ काही रिकामा नव्हता. लोकांची शेतं होती, आणि भोवतालच्या गावांची सामाईक गायरानं होती. त्यांवर गुरं चरत, बाया सरपण गोळा करत. राजानं जमिनी विकत मागितल्या. काहींनी दिल्या, काहींनी कितीही दाम आला तरी देणार नाही म्हणून सांगितलं. राजाच्या जवळच्या मंत्र्यांनीही नको म्हटलं. तरी त्यानं ऐकलं नाही आणि १६३७ साली भोवती आठ मैलांची विटांची भिंत घातली. लोकांचा राग फार होता, म्हणून एवढं मात्र केलं, की पायी जाणाऱ्यांच्या जुन्या वाटा चालू ठेवल्या आणि भिंतीवरून जायला शिड्या लावल्या. पुढं १६४९ साली याच राजाचं डोकं उडवलं गेलं. त्याला कारणं पुष्कळ होती, ती कथा वेगळी.

शिडी का, दार का नाही? दार उघडं राहिलं की हरणं बाहेर. शिडीवर माणूस चढतो, हरीण चढत नाही. साधी गोष्ट, पण ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

शंभराहून जास्त वर्षं गेली. १७५१ साली या पार्काचा कारभार राजा दुसरा जॉर्ज याच्या मुलीकडं, राजकन्या अमेलियाकडं आला. तिनं वाटा बंद केल्या. ज्यांना ती चिठ्ठी देईल तेच आत, बाकीच्यांनी वळसा घालून जावं. बाजाराला, देवळाला, पाहुण्यांकडं जाणाऱ्यांची पंचाईत झाली. काही बड्या लोकांनी गाडीरस्त्याचा दावा लावला आणि ते हरले. वहिवाट शाबीत झाली नाही.

मग उभा राहिला जॉन लुईस. हा काही सरदार नव्हे. रिचमंड गावात त्याची बिअर गाळायची भट्टी होती. १७५५ साली तो शीनच्या दारावर गेला. आत जाणाऱ्या एका गाडीमागून तोही निघाला. दारावरच्या बाईनं चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कसली, वाट आमची आहे, असं त्याचं म्हणणं. बाईनं दार लावून घेतलं. लुईसनं दावा ठोकला. आधीच्या लोकांनी मागितला तसा गाडीरस्ता त्यानं मागितला नाही. त्यानं मागितली फक्त पायवाट, जी शाबीत करता येईल तेवढीच. तीन वर्षं प्रकरण लांबलं. समोर राजाची मुलगी, मध्ये एक भट्टीवाला. १७५८ साली किंग्स्टनच्या कोर्टात न्यायमूर्ती मायकेल फॉस्टर यांच्यापुढं निकाल झाला आणि लुईस जिंकला.

न्यायमूर्तींनी विचारलं, तुला भिंतीत दार हवं की शिडी? मंडळी, इथं त्या माणसाचं शहाणपण बघा. त्यानं शिडी मागितली. हरणांसाठी दार कायम लोटलेलं ठेवावं लागणार. लोटलेलं दार पाहून परका माणूस समजेल की इथं आपल्याला मज्जाव आहे, आणि काळाच्या ओघात एक दिवस कुणीतरी आतून कडी घालील. शिडीला कडी घालता येत नाही.

मग शिड्या लागल्या, पण त्यांच्या पायऱ्या मुद्दाम इतक्या लांब लांब ठोकल्या की म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढता येईना. लुईस पुन्हा कोर्टात! न्यायमूर्तींनी बजावलं की मुलं आणि म्हातारेच नव्हे, म्हाताऱ्या बायकांनाही चढता आलं पाहिजे अशी शिडी करा. राजकन्येनं १७६१ साली कारभारच सोडला. पार्काच्या एका दाराचं नाव आजही लॅडरस्टाइल गेट, म्हणजे शिडीचं दार असंच आहे.

पुढं लुईसची भट्टी बुडाली आणि म्हातारपणी तो हलाखीत आला. तेव्हा गावातल्या लोकांनी वर्गणी करून त्याच्या पोटापाण्याची सोय लावली. १७९२ साली तो वारला. वर्गणी काढणारं गाव मला त्या निकालाइतकंच मोठं वाटतं.

तुमच्यापैकी कित्येकांच्या मनात एव्हाना स्वतःची पाणंद आली असेल. कुणी बांध नांगरला, कुणी काटेरी फेसाटी टाकली, कुणी चर खोदला. तेव्हा जाता जाता सांगतो. वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दाद मागता येते, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ‘बघू, दिवाळीनंतर बोलू’ म्हणत वर्ष घालवू नका. आणि मागणी लुईससारखी करा, जेवढी वहिवाट शाबीत होईल तेवढीच.

पुन्हा पार्कात येऊ. झाडं नीट बघा. फांद्यांची खालची बाजू जणू सुतार दोरी धरून कापावी तशी एका रेषेत दिसते. हरीण मान वर करून पोचेल तिथवरचा पाला फस्त, त्याच्या वर हिरवं. शेरडं सोडलेल्या माळावरच्या बाभळी आठवा. म्हणूनच नवं रोप लावलं की भोवती कुंपण करावं लागतं, नाहीतर म्हाताऱ्या ओकांच्या मागं वंश उरायचा नाही.

आणि एक कडू गोष्ट. तिथं आता लांडगे नाहीत. दर वर्षी पाडसं येतात, चारा मात्र भिंतीच्या आत आहे तेवढाच. म्हणून नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत रात्री दारं बंद करून ठरावीक हरणं गोळी घालून कमी केली जातात. माळकरी माणसाला हे ऐकवणार नाही, मलाही रुचलं नाही. पण भिंत घालून जनावर आत कोंडलं, की त्याच्या पोटाचा हिशेब भिंत घालणाऱ्यावर येतो. उपासमारीनं कळप खंगण्यापेक्षा ते बरं, असं तिथले लोक म्हणतात. दुष्काळात दावणीची जनावरं राखलेल्यांना त्यांचं म्हणणं निदान समजेल.

मे महिन्यात गेलात तर आतल्या इझाबेला बागेत फुलांचा नुसता सडा असतो, घरच्या बायकांना तिथून उठवणं अवघड. दमलात की पेम्ब्रोक लॉज नावाच्या जुन्या हवेलीत चहा मिळतो, महाग आहे. तिथून जवळच एक टेकाड आहे. त्यावरून कुंपणाच्या झाडीतल्या फटीतून दहा मैलांवरचा सेंट पॉलच्या मोठ्या चर्चचा घुमट दिसतो. तो दिसत राहावा म्हणून मध्ये उंच इमारत उभी करू देत नाहीत.

लांब बाह्यांचे कपडे आणि पायमोजे घालून जा. उंच गवतात गोचीड असते आणि तिच्या चाव्यानं तिकडं लाइम नावाचा आजार होतो. घरी परतल्यावर मुलांचे पाय, गुडघ्यामागची बाजू, काखा आणि मानेवरचे केस नीट तपासा. गोचीड सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा रॉकेल लावत बसू नका. पुढं त्या जागी लाल चट्टा पसरू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि गोचीड चावली होती हे आठवणीनं सांगा.