हिंगोली सर्चमध्ये का येत नाही?

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव. पाचही तालुक्यांत बीई, बीसीए, एमसीए झालेली आपली मुले-मुली घरी बसून आहेत. आणि पुण्यातल्या कंपन्यांत ऐकायला मिळते, "मराठवाड्यातून चांगले उमेदवारच येत नाहीत." साहेब, तुम्ही शोधले कसे, ते आधी सांगा.

नोकरीच्या पोर्टलवर लाखो बायोडाटा कुणी वाचत बसत नाही. एचआरवाला एक ओळ टाकतो: जावा अँड (पुणे ऑर मुंबई) नॉट फ्रेशर. 'अँड' म्हणजे दोन्ही हवे, 'ऑर' म्हणजे एक असले तरी चालेल, 'नॉट' म्हणजे तो शब्द दिसला की बाद. जॉर्ज बूल यांच्या १८५४ च्या ग्रंथातून आलेल्या या तर्कात खोट नाही. खोट आत भरलेल्या शब्दांत आहे.

कळमनुरीच्या मुलीला जावा येते, पुण्याला यायची तयारीही आहे. पण बायोडाटात फक्त कळमनुरी असेल तर ती यादीत येतच नाही. कॉलेजच्या जागी 'सीओईपी ऑर व्हीजेटीआय' टाकले की नांदेडचे एसजीजीएसही गळाले. 'फ्रेशर म्हणून रुजू झालो, आता पाच वर्षे झाली' असे लिहिणारा अनुभवी मुलगाही 'नॉट'मध्ये सापडतो. वर उत्तर तयार: "सिस्टिमने निवडले." ती ओळ सिस्टिमने लिहिली होती का?

नावामुळे डावलले जात नाही, असे मी म्हणत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. हा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. पण नाव वाचले जाण्यासाठी बायोडाटा आधी उघडावा लागतो. आपले बहुतेक त्याआधीच गळतात, आणि हे गळणे कुठल्याही तक्रारीत येत नाही.

म्हणून पहिला सवाल कंपन्यांत बसलेल्या आपल्याच भावा-बहिणींना. इफ्तारला कौमच्या बेकारीवर तासभर बोलता, मग सोमवारी सर्चमध्ये 'ऑर हिंगोली ऑर परभणी ऑर नांदेड' का लिहीत नाही? कॉलेजची नावे काढा, कौशल्य ठेवा. 'नॉट' शक्यतो वापरूच नका. शिफारस कुणाचीच करू नका, फक्त दार उघडे ठेवा.

आणि तरुण मित्रांनो, नाव लपवू नका, शब्द लपवू नका. 'पुण्यात काम करण्यास तयार' हे स्पष्ट लिहा. 'जावास्क्रिप्ट' आणि 'जेएस' दोन्ही लिहा. बायोडाटा फोटोसारखा नको, मजकूर शोधता येईल असा ठेवा. जे येत नाही ते मात्र लिहू नका. मुलाखतीत ते उघडे पडतेच.

१९९९ मध्ये परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा नकाशावर आला. आता तो सर्चच्या ओळीतही आला पाहिजे.